लायसन्सचं सीमोल्लंघन

मी आयुष्यभर नेमका कोणता धंदा केला, हे माझ्या नवऱ्याला अजून पाहुण्यांना धड सांगता येत नाही. "हिचं ते कॉम्प्युटरचं काहीतरी असतं," एवढं म्हणून तो चहा टाकायला आत पळतो. उल्हासनगरच्या बाजारात मात्र मला न ओळखणारा जीन्सवाला शोधावा लागेल. तिथे माझं नाव 'लायसन्सवाली मॅडम'. कोणी आडनाव विचारत नाही. मी अंबरनाथ पूर्वेला राहते, गेल्या वर्षी दुकान भाचीच्या हाती दिलं आणि निवृत्त झाले. तरी सकाळी फोन वाजला नाही तर मला चुकल्यासारखं होतं. कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू व्हायचा, "मॅडम, खुल नहीं रहा है."

बाहेरच्यांसाठी आधी धंदा समजावून सांगते. कपड्याचं कटिंग कागदावर बसवायला, मशीनवर भरतकामाची नक्षी उतरवायला, फर्निचरचं डिझाइन काढायला वेगवेगळी सॉफ्टवेअर लागतात. ती मी विकायचे आणि विकलेली चालती ठेवायचे. पूर्वी सॉफ्टवेअर डब्यात यायचं. डब्यात एक सीडी आणि करंगळीएवढं कुलूप. त्या कुलपाला आम्ही डोंगल म्हणायचो. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलं की सॉफ्टवेअर उघडणार, काढलं की बंद. सेठ लोक संध्याकाळी शटर ओढताना गल्ल्याच्या किल्लीबरोबर डोंगलही खिशात टाकून घरी न्यायचे. एकाने तर ते देवघरात ठेवलं होतं. वस्तू हातात होती, त्यामुळे आपली होती.

मग सबस्क्रिप्शन आलं आणि सगळं बदललं. आता विकत घेणं बंद, वर्षाचं भाडं भरायचं. ज्यांनी बदलापुरात भाड्याने घर घेतलं आहे त्यांना लिव्ह अँड लायसन्स समजावून सांगावं लागत नाही. मीही गिऱ्हाइकांना तसंच सांगायचे. घर तुमचं नाही, राहायची परवानगी आहे. पण घरमालक निदान हॉलमधून बेडरूममध्ये जाऊ देतो. इथे तेही नाही. परवानगी या कॉम्प्युटरवर आहे, त्या कॉम्प्युटरवर नाही. या सिस्टिमवर आहे, त्या सिस्टिमवर नाही. चिखलोलीच्या नव्या इमारतीत राहायला आलेले एक निवृत्त कारखाना अधिकारी होते. त्यांनी नातवाच्या टॅबलेटवरून वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर ते चालेना. टॅबलेटवर घेतलेलं टॅबलेटवरच, असा कंपनीचा नियम. "अहो, मी तोच माणूस आहे," ते मला परत परत सांगत होते, जणू मलाच शंका होती. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या धंद्यात हे वाक्य मी फार वेळा मनात म्हटलं आहे.

आता अमांची ओळख करून देते, कारण पुढच्या गोष्टीत त्यांचं काम आहे. उल्हासनगरात एका सिंधी कुटुंबाचा जीन्सवर भरतकाम करण्याचा कारखाना आहे. तीन भाऊ, तिघांचे वेगवेगळे गाळे, थोरले हरेश सेठ आणि सगळ्यांच्या वर त्यांची आई, अमां. त्या घरात कोणतंही नवीन खातं उघडायचं तर मोबाइल नंबर अमांचाच द्यायचा, कारण त्यांचा नंबर शुभ आहे. बँक, वीजबिल, गॅस आणि माझं सॉफ्टवेअरसुद्धा. त्यामुळे लायसन्सचा ओटीपी जायचा अमांच्या फोनवर, आणि अमां सकाळी सत्संगात, फोन मुका करून. मशीन तयार, कारागीर तयार, आणि तीन भाऊ सत्संगाच्या दरबाराच्या दारात चपलांपाशी उभे. एकदा हरेश सेठ माझ्यावरच चिडले. मी म्हटलं, "सेठ, नंबर बदला ना." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आई बदला म्हणाले होते. शेवटी तोडगा अमांनीच काढला. त्यांनी फोन दोरीने गळ्यात अडकवला आणि सत्संगातसुद्धा तो किणकिणू लागला. "धंधा भी तो भगवान का ही है, पुट," त्या थोरल्या लेकाला म्हणाल्या.

याच कारखान्यामुळे माझ्या आयुष्यातला सगळ्यात धमाल दसरा घडला. तो सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

बदलापूरला शिरगावात मनीषा राहते. ती पंचिंग करते. म्हणजे कोणी कागदावर फूल काढून दिलं तर सुईने कुठून सुरुवात करायची, कुठे वळायचं, कुठे धागा तोडायचा, हे सगळं ती कॉम्प्युटरवर एकेक टाका मांडून ठरवते. ती फाइल मशीनमध्ये घातली की मशीन तसंच्या तसं शिवतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मशीनच हुशार आहे. खरी अक्कल पंचिंगवालीची असते. मनीषा कित्येक वर्षं मधल्या माणसामार्फत हे काम करत होती. डिझाइन तिचं, नाव त्याचं. त्या वर्षी पहिल्यांदा हरेश सेठनी तिचं एक डिझाइन थेट बघितलं आणि त्यांना ते आवडलं. जीन्सच्या मागच्या खिशावर भाताची लोंबी, दाण्यांनी वाकलेली. मनीषाचं माहेर शेतकऱ्याचं, डोंगराकडच्या गावातलं. लोंबी कशी आणि कुठून वाकते हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

सेठनी नवीन मशीन मागवलं होतं आणि दसऱ्याला दुपारी त्याचा मुहूर्त होता. त्यांच्याकडे रीत अशी की मुहूर्ताला ज्याचं डिझाइन पहिलं शिवलं जाईल, त्या मशीनचं वर्षभराचं काम त्याचं. सुरतेचा एक पंचिंगवालाही येणार होता. सेठनी मनीषाला सांगितलं होतं, "तुम्हारा पहले चलाऊंगा. लेकिन टाइम पे आना." मधला माणूस कायमचा बाजूला होणार की नाही, हे त्या एका दुपारवर होतं. मनीषाने त्याच आनंदात घटस्थापनेला नवीन लॅपटॉप घेतला. जुन्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवल्या आणि तो कॉम्प्युटर दसऱ्याआधी माहेरी पोचवला.

यामागेही रीत आहे. ज्या हत्यारावर पोट भरलं ते भंगारात द्यायचं नाही, विकायचं नाही. घरातल्याच कोणाला द्यायचं, आणि खंडेनवमीला त्याची पूजा करायची. पूर्वी शिलाई मशीन असं द्यायचे, आता कॉम्प्युटर. रीत फार चांगली आहे. फक्त ती ठरली तेव्हा हत्याराला लायसन्स नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सेठचा फोन आला की खिशाचं माप बदललंय, डिझाइन लहान करून आण. मनीषाने सकाळी लॅपटॉप उघडला, सॉफ्टवेअर चढवलं, आपला आयडी-पासवर्ड टाकला. पडद्यावर चौकट आली : हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे. मी दाराला तोरण बांधत होते तेव्हा तिचा फोन आला. "काकी," ती म्हणाली. ती मला मॅडम म्हणत नाही. "काकी, माझ्या फाइली माझ्याकडे आहेत आणि एकसुद्धा उघडत नाही."

फाइली तिच्याच होत्या, पण त्या सॉफ्टवेअरच्या खास भाषेत होत्या. दुसरं कोणतंही सॉफ्टवेअर त्या वाचू शकत नाही. जुन्या कॉम्प्युटरवरून लायसन्स आधी मोकळं करायचं असतं, मग नव्यावर चढवायचं. मनीषाला वाटलं होतं की पासवर्ड आपला म्हणजे लायसन्स आपल्यासोबत चालत येईल. तसं कोणालाही वाटेल. मला राग तिचा नाही, त्या चौकटीचा आला.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती, आणि त्याने मला जास्तच घाम फुटला. जुना कॉम्प्युटर हाताशी नसेल तर कंपनी लांबून लायसन्स मोकळं करते. पण त्यासाठी अर्ज, अर्जाला मंजुरी, मंजुरीला कामकाजाचे काही दिवस. मी म्हटलं, "बेटा, आज दुपारपर्यंत पाहिजे." ती म्हणाली, "मॅम, मैं समझ सकती हूँ. मेरी सिस्टम में ऑप्शन ही नहीं आ रहा." तिच्याही हातात काही नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी ती बिचारी कानाला हेडफोन लावून कुठेतरी बसली होती. मी तिला सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

मग एकच मार्ग उरला, त्या कॉम्प्युटरपर्यंत जायचं. मनीषाने भावाला, संतोषला फोन लावला, तर फोन कव्हरेज क्षेत्राबाहेर. गावात रेंजच येत नाही. आणि मग तिला आठवलं. "काकी, संतोष म्हणाला होता, कॉम्प्युटर साफ करून घेणार. फॉरमॅट." कॉम्प्युटर फॉरमॅट झाला की त्यातलं लायसन्स ना मोकळं होतं, ना सापडतं. मी गजऱ्याची पुडी तशीच फ्रिजवर ठेवली, नवऱ्याला सांगितलं की श्रीखंड तू चाळून घे, आणि स्कूटर काढली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती आणि मजाही येत होती. आमचं सगळं काम खुर्चीवर बसून चालतं. अशी धावायची वेळ क्वचित येते. शिरगावातून मनीषाला मागे बसवलं. तिने लॅपटॉपची बॅग लेकरासारखी पोटाशी धरली होती. रस्त्यावरच्या प्रत्येक रिक्षाला झेंडूचा हार, प्रत्येक टेम्पोच्या कपाळाला हळदकुंकू. मनीषा मागून सारखी विचारत होती, "केला असेल का हो फॉरमॅट?" आणि मी सारखी म्हणत होते, "नसेल गं." मला काय माहीत होतं? पण स्कूटर चालवताना माणसाने काहीतरी ठाम बोलावं.

गावात पोचलो. मनीषाचे वडील, आप्पा, ओटीवर बसले होते. तिने चपला काढायच्या आधीच विचारलं, "आप्पा, कॉम्प्युटर कुठंय?"

आप्पांनी बोट दाखवलं. भिंतीशी पाटावर विळा, कोयता, नांगराचा फाळ, पंपाचा पाना ओळीने मांडलेले आणि मधोमध मनीषाचा कॉम्प्युटर. डब्याला हार, पडद्याला हळदकुंकवाची बोटं, कीबोर्डवर आंब्याची डहाळी. संतोष आतून आला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "ताई, मी कालच मेमरी साफ करून घेणार होतो. माणूसपण बोलावलेला. आप्पांनी हात नाय लावून दिला."

मनीषा मटकन पायरीवर बसली. फॉरमॅट झाला नव्हता. आप्पांच्या पूजेने तो वाचवला होता. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हटलं, "आप्पा, आता फक्त चालू करून देता का?"

"नाय," आप्पा म्हणाले.

"पाच मिनिटांचं काम आहे."

"नाय गो बाय. हत्यार पूजंला लावलाय. संध्याकाळी शीव वलांडून आलो का मंग पूजा उठवायची. तवर कोयत्याला हात नाय नि ह्यालाबी नाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. न चढवता बोलणाऱ्या माणसाशी वाद घालणं फार अवघड. सकाळपासून मी दोन नियमांपुढे उभी राहिले होते, एक कंपनीचा आणि एक आप्पांचा. हेल्पलाइनच्या मुलीशी मी हुज्जत घालू शकले होते. इथे घालवेना, कारण याच नियमाने आत्ताच आमचं काम राखलं होतं.

मनीषा बोलू लागली. ती रडत नव्हती, पण शब्द एकमेकांवर पडत होते. "आप्पा, दुपारी मुहूर्त आहे. माझी लोंबी पहिली शिवली तर वर्षभर काम माझ्या नावावर येईल. नाहीतर परत त्या माणसाच्या हाताखाली. सगळं ह्या डब्यात अडकलंय. नेट लावून एक बटण दाबायचंय, मग मी जाते."

"नेट हिथं कुठाय?" आप्पा म्हणाले. "रेंज तर शीवेपल्याड, गिरणीपाशी येते."

हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कॉम्प्युटर चालू करूनही उपयोग नव्हता, नेटशिवाय लायसन्स सुटत नाही. मी संतोषकडे बघितलं, संतोष आप्पांकडे बघत होता. आप्पा पूजेकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"म्हंजे ह्याला शीवेपल्याड न्यायलाच लागंल."

"हो, आप्पा."

"हत्यार शीवेपल्याड नेलं म्हंजे त्याचा सीमोल्लंघन झाला." त्यांनी आत हाक मारली, "अगो, नारळ आण. ह्याची पूजा आत्ताच उठवायची. बाकीच्यांची संध्याकाळी."

मनीषाच्या आईने नारळ आणला, आप्पांनी डब्यापुढे पाणी फिरवलं, अक्षता टाकल्या आणि काही कळायच्या आत तो डबा स्वतःच्या खांद्यावर घेतला. हार तसाच. संतोषने पडदा घेतला, आईने कीबोर्ड आणि डहाळी, मनीषाने लॅपटॉप, मी वायरींचं भेंडोळं. अशी आमची मिरवणूक गावातून निघाली. लोक दारात येऊन विचारत होते, "काय रं संतोष, बिघारला का काय?" आप्पाच उत्तर देत होते, "शीव वलांडाया चाललाय." वेशीवरच्या देवीपाशी ते क्षणभर थांबले, मान लववली आणि पुढे झाले. मी नास्तिक नाही, पण फार देवभोळीही नाही. त्या क्षणी मात्र मीही हात जोडले, आणि जोडताना मोबाइलवर रेंजची एक काडी उगवलेली बघितली.

पल्याड भाताची गिरणी. ती बंद, कारण गिरणीचीही पूजा. गिरणीवाल्याने आमच्याकडे आणि हाराकडे बघितलं. "मशीन चालू करणार नाय," तो म्हणाला, "बटणाची पूजा मी केली नाय, तिथं लावा काय लावायचंय ते." कोंड्याच्या पोत्यांवर आम्ही कॉम्प्युटर मांडला. वायरी जोडल्या, माझ्या मोबाइलचं नेट दिलं, मनीषाने बटण दाबलं. पडदा उजळला. आणि त्यावर अक्षरं आली : अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

त्या चाकाकडे बघत बसण्यासारखा छळ दुसरा नाही. ते फिरतंय, फिरतंय आणि आकडा हलत नाही. मनीषाने डोळे मिटून घेतले होते. आप्पांनी विचारलं, "काय करतोय तो?"

मी म्हटलं, "नवे नियम वाचतोय."

"सणाच्या दिवशी?"

"ह्यांना सण नसतो, आप्पा."

अखेर चाक थांबलं. सॉफ्टवेअर उघडलं. मनीषाने लायसन्स मोकळं करायचं बटण दाबलं. चौकट आली, तुमची खात्री आहे का? मनीषा इतक्या जोरात "हो" म्हणाली की गिरणीवाला दचकला. मग लॅपटॉपवर पासवर्ड टाकला आणि उघडलं. लॅपटॉपच्या पडद्यावर पिवळीधमक लोंबी आली. मी आयुष्यात शेकड्यांनी लायसन्सं चढवली असतील, पण टाळ्या त्याच दिवशी वाजवल्या.

काम अजून संपलं नव्हतं. डिझाइन लहान करणं म्हणजे फोटो लहान करण्यासारखं नसतं. टाके तेवढेच ठेवून जागा कमी केली तर धागा गोळा होतो, कापड आक्रसतं. दाण्यादाण्यातले टाके कमी करावे लागतात, वळणं नव्याने बसवावी लागतात. मनीषा कोंड्याच्या पोत्यावर बसून ते करत होती आणि मी वाऱ्याने उडणारा कोंडा लॅपटॉपवर बसू नये म्हणून पदर धरून उभी होते. आप्पा तिच्या मागे उभे होते. काही वेळाने ते म्हणाले, "ही लोंबी खाली अजून वाकव. भरलेली हाय ना." तिने वाकवली. ते बरोबर दिसलं.

मशीनची फाइल तयार झाली. हरेश सेठना फोन लागेना, पूजेत असणार. मी म्हटलं, "अमांच्या नंबरवर पाठव." फाइल गेली. आणि आम्ही स्कूटरवर, परत शिरगाव, बदलापूर, चिखलोली, अंबरनाथ, उल्हासनगर. मला नंतर नवऱ्याने विचारलं की अंबरनाथमध्ये घरावरून गेलीस तर श्रीखंड खायला का नाही थांबलीस. काही प्रश्नांची उत्तरं देऊ नयेत.

कारखान्यात शिरलो तेव्हा मशीनभोवती गर्दी होती. सुरतवाला हसतमुखाने पेन ड्राइव्ह हातात घेऊन उभा होता. मशीनच्या पुढ्यात स्टूल टाकून अमां बसल्या होत्या, गळ्यात फोन, आणि फोनवर दोन्ही हात ठेवलेले. हरेश सेठ आम्हाला बघून म्हणाले, "अरे भगवान, आ गये. मॅडम, अमां को समझाओ. इनके फोन पे फाइल आयी है. न खुद खोलती है, न हमको देती है, न मशीन चालू करने देती है."

"गलत बटन दब गया तो?" अमां म्हणाल्या. "जिसकी चीज है, वो खोलेगी."

दरबाराच्या दारात तीन भावांना उभं ठेवणारा तो शुभ नंबर अखेर कामाला आला. मनीषाने फाइल काढून मशीनमध्ये घातली. अमांनी हिरवं बटण दाबलं. सुया एकदम खाली आल्या. निळ्या कापडावर आधी देठ, मग पानं, मग एकेक दाणा भरत गेला. धागा एकदाही तुटला नाही. हरेश सेठनी कापड काढलं आणि समोरून न बघता आधी उलटं केलं. जाणकार मागची बाजू बघतो, गाठी तिथे असतात. त्यांनी अंगठा फिरवला, कापड सुरतवाल्याच्या हाती दिलं. त्यानेही उलटं करून बघितलं आणि आपला पेन ड्राइव्ह खिशात टाकला.

"सालभर का काम तेरा," हरेश सेठ मनीषाला म्हणाले. "बीच में कोई नहीं. बिल भी तेरे नाम से."

मनीषाने मान हलवली आणि मग तिला रडू आलं. मीही रडले. उगाच डोळ्यांत कोंडा गेल्याचं सांगत बसले नाही.

अमांनी ते पहिलं कापड घडी घालून मनीषाच्या हातात दिलं. नव्या मशीनचा पहिला पीस त्यांच्याकडे विकत नाहीत.

दिवाळीनंतर मी मनीषाबरोबर पुन्हा त्या गावी गेले, यावेळी जेवायला. जुना कॉम्प्युटर ओटीवरच्या टेबलावर होता. संतोषची मुलगी त्यावर चित्रं काढायला शिकत होती. आप्पा मनीषाला म्हणाले, "बाय, ती लोंबी दाखव ना ह्याच्यावर. मला नीट बघायचीय." मनीषा खुर्चीत बसली. फाइल अजून त्यात होती. तिने उघडली आणि चौकट आली : हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे.

"म्हंजे?" आप्पांनी मला विचारलं.

ज्या डब्यावर ती लोंबी जन्मली, जो त्यांनी खांद्यावरून शीवेपल्याड नेला, त्याच डब्यावर ती बघायची परवानगी आता नव्हती. इतकी वर्षं मी लोकांना हे नियम समजावून विकले. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची लाज वाटली, आणि डोंगल खिशात घालून घरी जाणारा माझा जुना सेठ फार आठवला.

मनीषाने पिशवीतून अमांनी दिलेलं कापड काढलं आणि आप्पांपुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, उजेडाकडे नेलं, खाली वाकलेल्या लोंबीवरून बोट फिरवलं. बराच वेळ बघितलं. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ती चौकट पुरती झाकली जाईल असं कापड त्यावर पसरलं.

"हे बघाया कोणाला इचारायला नाय ना लागत?" त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा," मी म्हटलं. "हे तुमचं."